जयतीर्थरावांची खरीखुरी बंदूक

बंदूक खरी आहे हे जयतीर्थरावांनी चेन्नईतल्या वडपळनीच्या त्या गोदामात पहिल्याच मिनिटाला ओळखलं, आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांना जो राग आला तो पुढे तीन महिने उतरला नाही.

राजेरजवाड्यांचे सिनेमे काढणारी एक जुनी कंपनी गाशा गुंडाळत होती. पुठ्ठ्याची सिंहासनं, पत्र्याचे मुकुट, पोटातून भुसा सांडणारा एक वाघ असं सगळं विकायला काढलं होतं, आणि कोपऱ्यातल्या एका पिंपात, लग्नघरी छत्र्या उभ्या करतात तशा, अठरा बंदुका उभ्या होत्या. सतरा लाकडाच्या. अठरावी उचलताना जयतीर्थरावांचा खांदा खाली ओढला गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नळीच्या बुडाशी नाक नेलं. रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, पेटून पेटून रुंद झालेलं छिद्र, बाजूच्या पट्टीवर गंजाखाली बोटाला लागणारी कंपनी सरकारची बदामाची खूण, आणि तिच्याखाली १७९६ हा आकडा. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणा शिपायाने उन्हातान्हात खांद्यावरून वाहिलेली चकमकीची बंदूक, आणि तिच्या दस्त्यावर कुणा गाढवाने सोनेरी रंगात मोर काढला होता!

"कुठलीही घ्या सार," गोदामवाला म्हणाला. "सगळ्या सारख्याच."

दुसरा कुणी शहाणा संग्राहक असता तर 'बरं' म्हणून ती काखेत मारून चालता झाला असता. पण खरं ठाऊक असताना गप्प बसणं जयतीर्थरावांच्या प्रकृतीला मानवत नसे. त्यांना घामोळं येई.

"सारख्या कशा? ही खरी आहे!" ते ओरडले.

"खरी असती सार, तर आमचा व्हिलन इंटरव्हलपर्यंत तरी जगला असता का?" गोदामवाला पोट धरून हसला, आणि त्याने पावतीवर तमिळमध्ये लिहिलं: सिनेमाची लाकडी बंदूक, एक नग. जयतीर्थरावांनी 'लाकडी' शब्दावर हरकत घेतली. मग गोदामवाला म्हणाला की एवढा त्रास असेल तर वाघ घेऊन जा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेली एकोणीस वर्षं जयतीर्थराव जुन्या लष्करी बंदुकांचं सामान जमवत होते. सामान म्हणजे बंदूक सोडून बाकी सगळं. दारू भरायचं शिंगडं, काडतुसांचं चामडी तोसदान, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, तीन संगिनी, दारू ठासायचे दोन गज आणि आगपेटीत कापसावर ठेवलेल्या चार गारगोट्या. अण्णा नगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये हे सगळं शोकेसमध्ये मांडलेलं असे आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "आणि बंदूक कुठे आहे?" एकोणीस वर्षं हा प्रश्न ऐकलेल्या माणसाच्या हाताला अखेर बंदूक लागली होती, आणि तिला लाकडी म्हणणारा माणूस समोर हसत उभा होता. राग येणार नाही तर काय होईल?

घरी थेट जाता आलं असतं. पण बरोबर गोदाबाई होत्या, आणि गोदाबाईंचा एक ब्लाउज टी. नगरच्या एका साडीच्या दुकानात शिवून तयार होता. नवऱ्याची बंदूक आणि बायकोचा ब्लाउज यांत आधी काय, हा प्रश्न तंजावरी मराठी घरांत कधी उभाच राहत नाही. जुन्या चादरीत गुंडाळलेली साडेचार फुटी वस्तू रिक्षात आडवी मावेना, म्हणून ती दोघांच्या मांडीवर तिरपी ठेवली. एक टोक रस्त्यावरच्या प्रत्येक बसच्या कंडक्टरशी बोलायला जात होतं.

"पडद्याचा दांडा?" रिक्षावाल्याने विचारलं.

"बंदूक," जयतीर्थराव म्हणाले.

रिक्षावाला टी. नगर येईपर्यंत हसत होता.

साडीच्या दुकानाच्या दारात रखवालदाराने हात आडवा केला. "हे काय आहे, सार?"

"बंदूक."

रखवालदारही हसला, त्याने दुसऱ्या रखवालदाराला बोलावून सांगितलं, आणि दोघांनी मोठ्या प्रेमाने त्यांना आत सोडलं. आत गर्दीत एका बाईच्या पदराला नळी अडकली तेव्हा तिनेही विचारलं, आणि तीही हसली. बायकांच्या पर्समधलं नेलकटर काढून घेणारे हे लोक बंदूक डोळ्यांदेखत आत जाऊ देतात, या विचाराने जयतीर्थरावांचं डोकं तापलं. "कुणासही खरं सांगा, विश्वास ठेवत नाहींत! खोटं सांगितलं असतं तर पोलिस आले असते!"

"अय्यो, हळू बोला की," गोदाबाई म्हणाल्या. "ब्लाउजाचं माप बघू दे. ती पाइप तिथें भिंतीस लावून ठेवा."

पाइप! जयतीर्थराव परतीच्या वाटेवर बायकोशी बोलले नाहीत. त्यामुळे गोदाबाईंना जरा डुलकी घेता आली.

घरी आणल्यावर खऱ्या कामाला सुरुवात झाली. सोनेरी मोर घासून काढायला आठ दिवस लागले. गारगोटी जबड्यात धरून खाली आपटणारा जो लोखंडी हात असतो, ज्याला बंदुकीचा घोडा म्हणतात, तो गंजून घट्ट बसला होता. तो हळूहळू तेल पाजून मोकळा करायचा होता आणि त्यावरचा काळा, मुरलेला रंग जपायचा होता. जुन्या लोखंडाचा तो रंग म्हणजे त्याचा जन्मदाखला. पण या देशात कुणी जुनी वस्तू साफ करायला बसला की त्याला सल्ला देणं हे प्रत्येक शेजाऱ्याचं नागरी कर्तव्य असतं. तळमजल्यावरच्यांनी चिंच आणि मीठ सांगितलं. कुणी विभूती आणि लिंबू सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णकांत, जे जयतीर्थरावांसारखेच तंजावरकडचे आणि जयतीर्थरावांना कधीच न आवडलेले, ते संध्याकाळी येऊन खुर्चीत रेलून म्हणाले, "मी काय म्हणतों, गच्चीवर कावळे फार झालेत. ही उभी करून ठेवा. कावळे येणार नाहींत."

जयतीर्थरावांनी त्यांना कॉफी न विचारता परत पाठवलं. अण्णा नगरात याहून मोठा अपमान नाही.

वरच्या मजल्यावर पुरुषोत्तम नावाचा नाशिककडचा मुलगा राहत असे. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. मुलगा गुणी, आणि गुणी माणसांचा त्रास हा की त्यांना नाही म्हणता येत नाही. "काका, घोडा मला द्या ना. आमच्याकडे टाकी आहे, गंज असा निघतो," म्हणून त्याने चुटकी वाजवली. जयतीर्थरावांनी त्याला निक्षून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना पुरुषोत्तम ऑफिसला निघाला, दार उघडं दिसलं म्हणून त्याने पुन्हा विचारलं, आणि गोदाबाईंनी, स्वयंपाकघरातलं तेलकट लोखंड एकदाचं जातंय या आनंदात, आधीच सोडवून ठेवलेला घोडा फडक्यात बांधून त्याच्या हाती दिला.

संध्याकाळी तो परत आला. घोडा म्हणजे. त्याच्याकडे बघवत नव्हतं. नव्या बाथरूममधल्या नळासारखा तो लखलखत होता.

"प्लेटिंगपण करून टाकलं काका," पुरुषोत्तम म्हणाला. "दहा वर्षांची गॅरंटी!"

सव्वादोनशे वर्षांची गॅरंटी घालवून दहा वर्षांची आणणाऱ्या त्या मुलाकडे जयतीर्थराव बघत राहिले. मराठीत रागावावं तर तंजावरी मराठी पुरुषोत्तमला अर्धीच कळे आणि अर्धी गोड वाटे. 'मज हें सहन होणार नाहीं' असं ते ओरडले, की तो म्हणायचा, "काका, किती छान जुनी भाषा आहे तुमची!" शेवटी ते तमिळमध्ये ओरडले. तो मुलगा वर गेला आणि आठवडाभर जिन्याऐवजी लिफ्टने येऊ-जाऊ लागला.

आता कुणी म्हणेल, बंदूक आहे, घरी आहे, साफ होतेय, झालं की. पण जयतीर्थरावांनी सत्तावीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे अर्ज तपासले होते. घरात शस्त्र असल्याचं सरकारला कळवलं नाही तर त्यांना झोप लागेना. ते पहिल्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "चालते का?"

"चालत नाहीं. चालवणारही नाहीं."

"मग इथे कशाला आलात?"

दुसऱ्या ऑफिसात त्यांना संगणकावर अर्ज भरायला सांगितला. शस्त्राचा प्रकार विचारणाऱ्या यादीत पिस्तूल होतं, रिव्हॉल्व्हर होतं, रायफल होती. चकमकीची बंदूक नव्हती. त्यांनी 'इतर' निवडलं. मग बनावटीचं वर्ष. १७९६ लिहिलं की पेटी लाल होई आणि खाली अक्षरं येत: कृपया योग्य वर्ष भरा. "१९५० टाका सार," खिडकीतली मुलगी म्हणाली. "सगळे तेच टाकतात."

"सगळे म्हणजे कोण? १७९६च्या बंदुका घेऊन रोज किती जण येतात इथें?"

तिसऱ्या ऑफिसने वस्तू पुराणवस्तू असल्याचा दाखला मागितला. तो दाखला देणाऱ्या चौथ्या ऑफिसने विकत घेतल्याची पावती मागितली. पावतीवर 'लाकडी' होतं. चौथ्या ऑफिसातल्या गृहस्थांनी पावती वाचली, फोटोतला लखलखीत घोडा पाहिला, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "सार, तुम्हाला कुणीतरी फसवलंय." ते इतक्या सहानुभूतीने म्हणाले की जयतीर्थरावांना त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. जाताना शिपायाने विचारलं, "कुठल्या सिनेमातली हो?"

घरी येऊन त्यांनी गोदाबाईंना सगळं सांगितलं. गोदाबाई म्हणाल्या, "सरी, असूं दे. खोटी म्हणतात तर म्हणूं द्या. ताक घेतां?"

ताकही त्यांनी रागाने प्यायलं.

आणि मग तो रविवार उजाडला. दस्त्याला जवसाचं तेल लावून गच्चीवर वाळवायचं होतं. ऊन छान होतं. वाळता वाळता जयतीर्थरावांच्या मनात आलं, नळी सरळ आहे की वाकलीय ते बघावं. हे बघायची रीत म्हणजे बंदूक खांद्याला लावायची, एक डोळा मिटायचा आणि नळीच्या पाठीवरून दूरच्या एखाद्या टोकाकडे नजर टाकायची. दूरचं टोक म्हणून त्यांनी सोसायटीतल्याच समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची एक तांबूस, गोल, चकाकती वस्तू निवडली. घागर असावी असं त्यांना वाटलं. चष्मा कपाळावर होता.

ते कृष्णकांतांचं डोकं होतं. कृष्णकांत बाल्कनीत प्राणायामाला बसले होते. डोळे उघडले तेव्हा कॉफी न विचारता ज्याने आपल्याला घालवलं तो माणूस आपल्यावर बंदूक रोखून उभा आहे असं त्यांना दिसलं. त्यांनी श्वास रोखला होता तो तसाच ठेवून सरपटत आत जाऊन पोलिसांना फोन केला.

वीस मिनिटांत जीप आली. सगळी सोसायटी खाली जमली. जयतीर्थराव बनियनवर, तेलकट हातांनी, बंदूक पोटाशी धरून जिना उतरले. मागून गोदाबाई त्यांचा शर्ट आणि गोदामवाल्याची पावती घेऊन.

पोलिस ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर विद्यालक्ष्मी म्हणून एक तरुण बाई होत्या. शांत, हसऱ्या. त्यांनी बंदूक उलटसुलट करून पाहिली, पावती वाचली, घोड्यावरून बोट फिरवलं. त्यात त्यांना आपला चेहरा दिसला असणार. मग त्यांनी कृष्णकांतांना विचारलं, "या लाकडी बंदुकीला घाबरलात?"

कृष्णकांत लाजले. मागून आलेला पुरुषोत्तम म्हणाला, "मॅडम, प्लेटिंग आमच्याच प्लांटचं आहे." सगळे हसले. हवालदार मुत्तुवेल म्हणून होता, जाडा, मिशाळ. तोही रजिस्टर मिटून हसायला लागला. प्रकरण संपल्यातच जमा होतं.

"सार," विद्यालक्ष्मींनी एक कागद पुढे सरकवला, "ही सिनेमाची खोटी बंदूक आहे असं दोन ओळींत लिहून द्या आणि घरी घेऊन जा. जेवायची वेळ झालीय."

"खोटी नाहीं ती," जयतीर्थराव म्हणाले.

त्यांनी कागद परत सरकवला.

"सार, नीट ऐका," विद्यालक्ष्मी हळू आवाजात म्हणाल्या. "खोटी असेल तर ती तुमची. खरी म्हणालात, तर मला ती जप्त करावी लागेल. तपासणीला जाईल, मग पुराणवस्तूंच्या खात्याकडे जाईल. परत कधी येईल, येईल की नाही, मी सांगू शकत नाही. मला तर ती खोटीच दिसतेय. तुम्ही फक्त सही करा."

"करा हो जयतीर्थराव!" कृष्णकांत कळवळून म्हणाले. आपल्यामुळे हे झालं याची त्यांना आता टोचणी लागली होती. "एक शब्द लिहायचा. कोण वाचतो?"

"मी वाचतों!" जयतीर्थराव उभे राहिले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. "सत्तावीस वर्षं लोकांनी खोटं लिहिलेले अर्ज मी परत पाठवले. साहेब रागावले, पाहुणे रुसले, तरी पाठवले. आणि आतां मी स्वतः लिहूं? एकोणीस वर्षं वाट पाहिली मी हिची. सगळे हसले. हसूं द्या. पण मी माझ्या हातानें हिला खोटी लिहिणार नाहीं!"

विद्यालक्ष्मींनी कपाळाला हात लावला आणि गोदाबाईंकडे वळल्या. "अम्मा, तुम्ही तरी सांगा. एक सही, आणि संध्याकाळी बंदूक भिंतीवर."

सगळे गोदाबाईंकडे बघू लागले. जयतीर्थरावही. त्यांनी मनात उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं कडक.

गोदाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "घरीं नेलेली मलाही बरी वाटली असती, मॅडम. पण यांना त्यांतलं कळतं. हे खरी म्हणतात तर ती खरी आहे. तुम्ही ठेवून घ्या."

जयतीर्थरावांनी शर्टाची बटणं सोडून पुन्हा नीट लावायला घेतली. कडक उत्तर तोंडातच राहिलं आणि कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

विद्यालक्ष्मींनी तो कोरा कागद खणात टाकला. मग म्हणाल्या, "मुत्तुवेल, लिहा. जप्ती."

मुत्तुवेलने रजिस्टर उघडलं, भराभर एक ओळ लिहिली आणि पावती फाडून दिली. जयतीर्थरावांनी ती वाचली. त्यांचे कान लाल झाले. त्यावर लिहिलं होतं: जुना लोखंडी पाइप, लाकडासह, एक.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल त्या ठाण्यावर अजून बोलतात म्हणे. "पाइप?" जयतीर्थराव ओरडले तेव्हा कोठडीतला एक दारुडा दचकून उठला आणि त्याने नमस्कार केला. "बंदूक घ्या, हक्कानें घ्या, पण पाइप लिहून घेणार असाल तर मी इथून हलणार नाहीं! मज आत टाका!"

"मग काय लिहू?" मुत्तुवेलही चिडला. "तुम्हीच सांगा!"

आणि जयतीर्थराव सांगू लागले. आधी रागानेच. नळी एकोणचाळीस इंच, आतून गुळगुळीत. रंजक ठेवायची वाटी, तिचं झाकण, गारगोटी जिच्यावर घासते ती पोलादी पट्टी. घोडा मूळचाच, झिलई मात्र या वर्षीची, करणाऱ्याचं नाव पुरुषोत्तम. "लिहा तेंही, खरं आहे तें लिहा." दस्ता अक्रोडाचा, गालाजवळ झिजलेला. "गालाजवळ का झिजला?" मुत्तुवेलने लिहिता लिहिता विचारलं. जयतीर्थरावांनी बंदूक त्याच्या खांद्याला लावून दाखवली. त्याचा जाडा गाल बरोबर त्या खोलगटात बसला. "अरे!" मुत्तुवेल म्हणाला, आणि त्याने गाल जरा वेळ तिथेच ठेवला. मग गारगोटी चामड्याच्या तुकड्यात का धरायची, दारू ठासताना गज किती वेळा मारायचा, पाऊस आला तर शिपाई वाटी कशी झाकायचा. विद्यालक्ष्मी टेबलाच्या या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. ठाण्यातला एक पोलिस चहा आणायला निघाला होता, तो दारातच थांबला. कृष्णकांतांनी तर हात वर करून प्रश्न विचारला.

सव्वा तास लागला. रजिस्टरची पावणेदोन पानं भरली. मुत्तुवेलने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ठाण्यातलं कुणीही हसलं नाही.

"आता शेवटचा रकाना," तो म्हणाला. "वर्णन कुणी दिलं?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने ठळक अक्षरांत लिहिलं: जयतीर्थ राव, जुन्या बंदुकांचे जाणकार, अण्णा नगर. मग रजिस्टर फिरवून पुढे केलं. "सार, इथे सही."

जयतीर्थरावांनी पेन घेतलं, वाकले, आणि तसेच थांबले. ओळ हलायला लागली होती.

"हा काय दिवा आहे?" ते एकदम गरजले. "सरकारी कचेरीत माणसानें वाचावं कसं? रकाना दिसत नाहीं, ओळ दिसत नाहीं! अशा उजेडांत सह्या घेतात?"

मुत्तुवेलने वर पाहिलं. ट्यूब लख्ख जळत होती, खिडकीतून दुपारचं ऊन रजिस्टरवर पडलं होतं. तरी बिचारा टॉर्च शोधायला उठला. गोदाबाईंनी त्याला हातानेच थांबवलं आणि पर्समधून नवऱ्याचा रुमाल काढून पुढे केला.

"चष्मा पुसा," त्या म्हणाल्या.

जयतीर्थरावांनी रुमाल घेतला. चष्मा पुसला नाही. मग पेन धरून त्यांनी सही केली, इतकी दाबून, की ती खालच्या तीन कोऱ्या पानांवर उमटली.